शहीद म्हणून मोकळे होऊ नका

२०२२ सालच्या जुलै महिन्यात आमच्या मोहल्ल्यातून एक जनाजा उठला. बकरी ईद होऊन आठवडाच झाला होता. मयत माझ्या एका विद्यार्थिनीची होती. तिचे नाव मी लिहीत नाही, कारण तिचे सासर माझ्याच गल्लीत आहे आणि मला अजून त्याच गल्लीत राहायचे आहे. वय वीस. पहिले बाळंतपण. मुलगी जगली, आई गेली.

घरात बायकांची गर्दी होती. तिची आई भिंतीला टेकून बसली होती. एकेक बाई येई, तिला कवटाळी आणि म्हणे, "शहीद हुई तुम्हारी बच्ची. सीधी जन्नत में गई." दहाव्या बाईनेही तेच म्हटले, विसाव्या बाईनेही तेच. दुपारनंतर तिची सासूही तेच म्हणू लागली. मगरिबपर्यंत त्या घरातला प्रश्नच संपला. ती का गेली, हे विचारायला जागाच उरली नाही. शहीद झाली म्हटल्यावर विचारायचे काय?

मी आलिमा नाही, डॉक्टरही नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवणारी बी.एड. शिक्षिका आहे. पण तो प्रश्न मला आज विचारायचा आहे. तो विचारताना माझ्यावरही बोट येते, तेही मी लपवणार नाही.

आधी घडले ते सांगते.

तिसऱ्या महिन्यात आशाताईंनी तिचे नाव नोंदवले. कार्डावर हिमोग्लोबिन लिहिले होते ७.८. गरोदर बाईला ते किमान ११ असायला हवे. गोळ्या मिळाल्या. चार-पाच दिवस घेतल्या, मळमळले, शौचाला काळे झाले. सासू म्हणाली, "गरम पडती वो दवा, बच्चा काला होता." गोळ्या कपाटात गेल्या. मयतीच्या तिसऱ्या दिवशी मी त्या पाहिल्या. पाकिटे तशीच होती.

सहाव्या महिन्यात रमजान आला. एप्रिलचे ऊन सोलापूरकरांना सांगायला नको. दिवसभर सूप मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, तंबाखूची धूळ नाकात, आणि संध्याकाळी साऱ्या घराच्या इफ्तारीसाठी चुलीपुढे. डॉक्टरबाईंनी रोजे धरू नको म्हणून बजावले होते. तिने सगळे रोजे धरले. एकदा बाजारात भेटली. ओठ सुकलेले, चेहरा पांढरा. मी काय म्हणाले? मी म्हणाले, "माशाअल्लाह, या हालतीतही रोजे! शाबाश." ती हसली. तिने नववीत माझ्याकडे 'खून की कमी' हा धडा शिकला होता. लोह कशातून मिळते, या प्रश्नाला तिला पैकीच्या पैकी गुण होते. धडा तिला पाठ होता. तो शिकवणारीने बाजारात उभे राहून तो पुसून टाकला.

रोज्याने ती मेली, असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे खोटे होईल. ती मेली ती बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने. पण अंगात रक्तच कमी होते आणि ते वाढू द्यायचे जे जे मार्ग होते, ते आम्ही सर्वांनी मिळून बंद केले होते.

कळा रात्री अकराला सुरू झाल्या. नवरा भिवंडीला कामावर. सासू म्हणाली, "पैला बच्चा है, टैम लगताच. सुबह तक देखेंगे." दोनला पाणी गेले. नवऱ्याला फोन लावला, तो उचलेना. सासरे म्हणाले, रात्रीचा डॉक्टर पुरुष असतो. १०८ ला फोन करायचे कुणालाच सुचले नाही. फजरच्या अजाननंतर रिक्षा आली. सातला मुलगी झाली आणि रक्त थांबेना. तिथून जिल्ह्याच्या ठिकाणी नेले. रक्त हवे होते. घरचे, नात्यातले, मोहल्ल्यातले किती पुरुष दवाखान्याच्या आवारात उभे होते! रक्तपेढीत गेले दोघे. बाकीच्यांना कमजोरी येण्याची भीती वाटली. आठवड्यापूर्वी कुर्बानीचे बकरे पाडणारे हात एका सुईला घाबरले.

दुसऱ्या दिवशी जनाज्याला चारशे माणसे होती.

आता त्या एका शब्दाकडे येते. गरोदरपणात किंवा बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रीला हदीसमध्ये शहीदांत गणले आहे. त्यावर माझा ईमान आहे. त्या आईला तेवढाच आधार होता आणि तो तिच्याकडून काढून घेण्याचा अधिकार मला नाही. पण ती हदीस पूर्ण वाचा. त्याच यादीत बुडून मरणारा आहे. भिंत अंगावर पडून मरणारा आहे. आगीत जळणारा आहे. साथीच्या रोगाने मरणारा आहे. मग मी विचारते, मूल विहिरीत पडले तर आपण काठावर उभे राहून 'शहीद होईल' म्हणतो का? की कपड्यांसकट उडी मारतो? मशिदीची भिंत झुकली तर चंदा गोळा करून ती पाडून नवी बांधतो ना? २०२० साली साथ आली तेव्हा आपण मशिदीतली जमात बंद ठेवली, तरावीह घरात पढलो. तेव्हा कुणी म्हणाले नाही की साथीत मरणारा शहीद असतो, चला गर्दी करू या. बुडणाऱ्याला दोर, झुकलेल्या भिंतीला टेकू, साथीला मास्क. आणि बाळंतिणीला मात्र फक्त शहादत? हा भेद अल्लाहने केलेला नाही. तो आपण केला आहे.

शहादत हा तिचा सवाब आहे. ती आपली माफी नाही.

दुसरा शब्द नसीब. "मौत का वक्त मुकर्रर है." खरे आहे. पण उंट आधी बांध आणि मग तवक्कुल कर, ही शिकवण याच दीनची आहे. मोटारसायकलला कुलूप लावताना आपल्याला ती आठवते. दुकानाचे शटर तीन कुलपांनी बंद करतो. मग पोटुशी सून घरात असताना रात्रीच्या रिक्षावाल्याचा नंबर लिहून ठेवायला तवक्कुल कमी पडतो का?

तिसरे म्हणणे वडीलधाऱ्या बायकांचे. "हमारे टैम पे कौन से डाक्टर थे? नौ-नौ बच्चे घर में हुए." माझी आजीही हेच म्हणायची. एकदा मी तिला सगळ्या मुलांची नावे सांगायला लावली. नऊ झाली होती, वाचली पाच. चौघांची नावे घेताना तिचा आवाज खाली गेला. तिची सख्खी बहीण बाळंतपणात गेली, तेही त्याच दिवशी कळले. जुन्या काळात बायका मरत नव्हत्या असे नाही. मेलेल्यांना सांगायला तोंड नव्हते, म्हणून सगळे सुखरूप होते असे वाटते.

आणि जे लोक दीनचे नाव पुढे करतात, त्यांना मी दीनमध्येच घेऊन जाते. सूरह बकरामध्ये रोज्याचा हुकूम आहे, तिथेच आजारी आणि मुसाफिर यांना सवलत आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीलाही रोज्यातून सूट असल्याची हदीस आहे. आपल्याकडे घाटावर हनफी अधिक, कोकणात शाफई. दोन्हींच्या फिकहमध्ये तपशिलाचे फरक आहेत. कोकणच्या बहिणींनी केवळ बाळाच्या काळजीने रोजा सोडला तर कजासोबत फिदयाही येतो. पण स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला धोका वाटला तर रोजा सोडावा, पुढे कजा करावा, यात वाद नाही. ही रुखसत अल्लाहने दिली. ती परत घेणारे आपण कोण? सासू कोण? शेजारीण कोण? 'माशाअल्लाह, शाबाश' म्हणणारी मास्तरीण कोण?

सूरह मरियम आपल्या घरांत मोठ्या श्रद्धेने पढली जाते. गरोदर बाईने ती पढावी म्हणजे सुटका सोपी होते, असे सांगतात. जरूर पढावी. पण तिच्यात काय आहे तेही पाहावे. हजरत मरियम एकट्या आहेत, खजुराच्या बुंध्याला टेकलेल्या, कळांनी इतक्या बेजार की यापेक्षा मरण बरे असे त्यांना वाटते. त्या वेळी त्यांना कोणता दिलासा मिळतो? सबर कर, शहीद होशील, असा नाही. पायाशी पाणी आहे, झाडावर ताजा खजूर आहे. खा, पी, जीव शांत कर, असा मिळतो. बाळंतपणाच्या घडीला अल्लाहने आईला अन्न आणि पाणी दिले. आणि आपण? आपल्या दस्तरखानावर पुरुष आधी जेवतात, मग मुले, मग सासू. सून शेवटी. ईदच्या गोश्तातली बोटी तिच्यापर्यंत येईतो रस्सा उरतो. वर कडक चहा, जो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही.

हजरत उमर यांची रिवायत आपण लहानपणापासून ऐकतो. खलिफा रात्री गस्त घालत असताना मदिन्याबाहेर एका तंबूत एक परकी बाई कळा देत होती, जवळ दुसरी बाई नव्हती. खलिफा घरी गेले, आपल्या बेगम उम्मे कुलसूम यांना उठवले, आटा आणि तूप स्वतःच्या पाठीवर घेतले. बेगम आत सुईणपण करत होत्या आणि बाहेर अमीरुल मोमिनीन चूल फुंकत होते. ही रिवायत वाअजमध्ये खलिफाच्या साधेपणासाठी सांगतात. मला तिच्यात दुसरे दिसते. बाळंतपण ही बायकांची बाब म्हणून ते झोपायला गेले नाहीत. रात्र असताना गेले, सकाळपर्यंत बघू म्हणाले नाहीत.

बाळंतपणातल्या मृत्यूंचा अभ्यास करणारे तीन उशीर सांगतात. पहिला, दवाखान्यात न्यायचे की नाही हे ठरवायला लागणारा. दुसरा, तिथे पोहोचायला लागणारा. तिसरा, पोहोचल्यावर इलाज मिळायला लागणारा. दुसऱ्या-तिसऱ्या उशिरासाठी सरकारला जाब विचारलाच पाहिजे. पण पहिला उशीर सरकारच्या घरात होत नाही, आपल्या घरात होतो. अकरा ते पाच हे सहा तास कुणाचे होते?

आकडेही सांगते, कारण काही भावांना आकड्यांशिवाय पटत नाही. २०१८ ते २०२० या काळात भारतात एक लाख जिवंत जन्मांमागे ९७ माता दगावत होत्या. महाराष्ट्रात ३३. कुणी म्हणेल, ३३ म्हणजे थोड्याच. मी उलट म्हणते. जिथे बहुतेक बायकांना वाचवता येते, तिथे न वाचलेल्या प्रत्येकीचा हिशेब द्यावा लागतो. त्याच काळात केरळमध्ये हा आकडा १९ होता. २०११ च्या जनगणनेप्रमाणे केरळात चौथ्या हिश्श्याहून अधिक लोक मुसलमान आहेत. त्यांचा कुरआन वेगळा नाही, रमजान वेगळा नाही, तकदीर लिहिणाराही वेगळा नाही. फरक मुलींच्या शाळेचा आहे आणि दवाखान्याच्या वाटेचा आहे.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर गरोदर स्त्रियांपैकी ५२ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. हा आजार फक्त आपल्या समाजाचा नाही, हेही लक्षात ठेवा. शंभर दिवस लोहाच्या गोळ्या घेतलेल्या माता १०० मागे ४४ च होत्या. महाराष्ट्रात शंभरातली जवळजवळ ९५ बाळंतपणे दवाखान्यात होतात. म्हणजे दवाखान्यापर्यंत आपण जातो. पण रिकाम्या अंगाने जातो आणि शेवटच्या घटकेला जातो. गरोदरपणात अंगातले रक्त जवळजवळ दीडपट व्हावे लागते. भरल्या अंगाची बाई बाळंतपणात थोडे जास्त रक्त गेले तरी तग धरते. रिकाम्या अंगाच्या बाईला तेवढेच पुरते.

काहींचा राग दवाखान्यांवर आहे. तो मी खोटा म्हणणार नाही. नकाब पाहून आवाज चढवणारी माणसे मीही पाहिली आहेत. "तुमच्यात किती मुलं होतात?" असे कळा देणाऱ्या बाईला विचारलेले मी स्वतःच्या कानांनी ऐकले आहे. ही अपमानाची गोष्ट आहे आणि ती बंद झाली पाहिजे. पण अपमान होतो म्हणून घरी बसणे हे उत्तर नव्हे. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी मोफत मिळण्याचा हक्क आहे. हक्क मागायला बरोबर दोन शिकलेली माणसे लागतात. आपल्या मोहल्ल्यात रेशन कार्डासाठी, वॉर्डाच्या निवडणुकीसाठी अशी माणसे लगेच उभी राहतात. बाळंतिणीसाठी का नाही?

आणि पुरुष डॉक्टरचा प्रश्न. जीव जात असेल तर शरीयतही जरूरत मानते, हे प्रत्येक मौलवी जाणतो. तरी बाई डॉक्टर हवी असे वाटणे मी समजू शकते. मलाही तसेच वाटते. पण मग ती येणार कुठून? आभाळातून? जो माणूस दवाखान्याच्या दारात 'लेडी डॉक्टर बुलाओ' म्हणून ओरडतो, त्यानेच आपली मुलगी नववीतून काढलेली असते. माझ्या या विद्यार्थिनीला अकरावीला सायन्स घ्यायचे होते. तिच्या वडिलांची मी दोनदा समजूत घातली. ते म्हणाले, "टीचर, आखिर चूल्हाच फुंकना है." अठरा पूर्ण होताच निकाह झाला. इतर कित्येकींना तेवढेही मिळत नाही. त्याच पाहणीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या शंभरातल्या जवळजवळ २२ मुलींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. त्यांतून किती डॉक्टर, किती नर्स होऊ शकल्या असत्या, याचा हिशेब कुठल्या पाहणीत येत नाही.

आता टीका पुरे. काय करायचे ते सांगते. नाहीतर मीही वाअज करून मोकळी झाले असे होईल.

घरच्या माणसांनी एवढे करावे. पाळी चुकताच नाव नोंदवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. २०१६ पासून ही योजना आहे. त्या दिवशी नवऱ्याने किंवा सासूने बरोबर जावे. लोहाची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज, किमान १८० दिवस. जेवणानंतर घ्यावी, चहाबरोबर नाही, कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही, लिंबूपाणी चालेल. शौचाला काळे होते, त्याने बाळ काळे होत नाही. रक्त फारच कमी असेल तर गोळीवर थांबू नये, दवाखान्यात शिरेतून लोह देतात, ते विचारावे. तंबाखूचे सूप या नऊ महिन्यांत दुसऱ्या कुणीतरी मांडीवर घ्यावे. दस्तरखानावर गरोदर बाई पहिल्या पंगतीला बसावी. एवढ्याने कुणाची इज्जत जात नाही.

आणि काही खुणा सर्वांना पाठ असाव्यात, पुरुषांनाही. रक्त जाणे. जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज. झटके. ताप. बाळाची हालचाल कमी होणे. पाणी जाणे. यांपैकी काहीही झाले तर सकाळपर्यंत थांबायचे नाही. कुणाची इजाजत घ्यायची नाही. १०८ लावायचा आणि निघायचे. नवऱ्याने परगावी जाताना ही इजाजत आधीच, चार माणसांसमोर देऊन जावे. बाळंतिणीला घरी आणल्यावरही हे संपत नाही. चाळीस दिवस खोलीत ठेवतो, तर त्या खोलीत रोज डोकावून ताप आणि रक्तस्राव विचारणारेही कुणी हवे.

जमातीकडे माझ्या दोनच मागण्या आहेत. पहिली, रमजानच्या आधीच्या जुम्याला इमामसाहेबांनी मिंबरवरून स्वच्छ शब्दांत सांगावे, की डॉक्टरने मना केलेल्या गरोदर बाईने रोजा सोडला तर ती गुनहगार नाही. आणि तिला टोमणा मारणाऱ्याने आपल्या गुनाहची फिकीर करावी. पाच मिनिटांचे काम आहे. दुसरी, मशिदीच्या फळ्यावर नमाजच्या वेळांशेजारी रक्त देणाऱ्यांची यादी लागावी. नाव, रक्तगट, फोन. चारशे माणसे जनाज्याला येऊ शकतात, तर चाळीस नावे फळ्यावर येऊ शकतात.

माझ्याकडून मी एवढे केले आहे. त्या वर्षापासून 'खून की कमी' हा धडा मी मुलींना एकट्याने शिकवत नाही. त्यांच्या आयांना शाळेत बोलावते. पहिल्या वर्षी तिघी आल्या. आता वर्ग भरतो, दोन-तीन सासवाही येतात. रमजानच्या आधी मी त्यांना बाजारातली माझी ती 'शाबाश' सांगते. दर वेळी सांगताना जीभ जड होते. तरी सांगते.

ती मुलगी आता अंगणवाडीत जाते. आजी तिला मांडीवर घेऊन सांगते, तेरी माँ शहीद है. खरेच आहे, ती शहीदच आहे. पण काही वर्षांनी ही मुलगी माझ्या वर्गात बसेल आणि तोच धडा वाचेल. हात वर करून विचारील, टीचर, मेरी माँ को खून किसने नहीं दिया? त्या दिवशी मी तिला काय सांगू, हे मोहल्ल्याने मला आजच सांगून ठेवावे.